आईने पाडवा सांगितला

माझा जन्म घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगावरच्या एका वाडीतला, आणि अवसेचा. बघा ताई, हे दुसरं अजूनही मागाहूनच जिभेवर येतं. बारशाला भावकीतलं कुणी फिरकलं नाही, आत्याही आली नाही, तेव्हा आईनेच पाळण्याशी वाकून माझ्या कानात शुभांगी हे नाव सांगितलं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच राहिलं, वाडीत मी अवशी. कांद्याच्या लागणीला बायका वाफ्यात उतरल्या की कुणीतरी ओरडायचंच, पहिलं रोप अवशीच्या हातून नको गं, आणि मी रोपांची जुडी घेऊन बांधावर उभी. लाज म्हणजे तेच, ताई, जुडी खाली ठेवावी की धरून ठेवावी ते कळत नाही.

पुढे मी भौतिकशास्त्र घेतलं. लोक म्हणतात हुशार होती म्हणून. खरं कारण असं की चंद्र त्या दिवशी जातो कुठे, हे मला स्वतः तपासायचं होतं. आज मी शाळेत विज्ञान शिकवते, संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. एवढं असून दोन स्थळं जन्माची तिथी कळल्यावर गप्प झाली, आणि तिसरं आलं तेव्हा आईने मनाशी ठरवून टाकलं. हे स्थळ कळंबचं, मुलाचं ट्रॅक्टरच्या अवजारांचं वर्कशॉप. फोनवर म्हणाला, तुम्ही शिका, स्वयंपाकाचं मी बघतो, वरणभात तर येतोच मला. मी पहिल्यांदाच मनापासून म्हटलं, हे जुळावं.

पाहुणे सकाळीच आले, ओट्यावर सतरंजीवर बसले. मुलाच्या आईने सहज विचारलं, पोरगी कवाची वो? आई म्हणाली, पाडव्याची, अवस सरली आन दुसऱ्या दिशी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी हो म्हणून मान हलवली. तेवढ्यात चुलती चहा घेऊन आली, तिला यातलं काही ठाऊक नाही, हसतच म्हणाली, पाडवा कुठला वो, भर अवसेची हाय, आमी तर अजून अवशीच म्हनतो तिला.

कुणी कप उचलेना. अवसेचं उत्तर मला येत होतं ना, म्हणून मी उठले आणि अंगणातल्या ढिगातला एक पांढरा कांदा घेतला. मुलाची आई म्हणाली, अगं बया, पोह्याचा कांदा आत्ता चिरती का काय? सगळे हसले, मीही हसले, आणि म्हटलं, नाही मावशी, जरा अंगणात या. पश्चिमेला डोंगरावर दिवसाचा फिकट अर्धा चंद्र होता, पाठीमागून ऊन. कांदा त्यांच्या हातात दिला, हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायला लावला. चंद्र जेवढा उजळ, कांदाही तेवढाच उजळ, त्याच बाजूने. म्हटलं, उजेड नेहमी अर्ध्या अंगावर असतोच, चंद्र फिरतो तसा आपल्याला त्यातला कमीजास्त भाग दिसतो. मुलगा म्हणाला, पृथ्वीची सावली पडते ना? म्हटलं, ते ग्रहण, ते कधीतरी, कला रोजच्या. अवसेला तो सूर्याच्या बाजूला असतो, उजळ अंग तिकडे, काळोखं अंग आपल्याकडे. कुणी खात नाही त्याला, जात नाही कुठे.

मावशींनी कांदा पुन्हा वर धरला, फिरवला, पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, समाजलं गं, लई झ्याक सांगितलंस. अवसेचं मला काय बी न्हाई. पर बाई, मग तुमी पाडवा का सांगितला?

हे आईला विचारलं होतं. दोन वाक्यं पुरली असती, ताई, की हिने बारसं एकटीने केलंय, हिला माहीत आहे अवसेची किंमत, आणि मीही मान हलवली. चंद्राबद्दल मी न अडखळता बोलले आणि आईबद्दल एक शब्द निघाला नाही. उलट चहा गार झाला म्हणून मी कप गोळा करून आत गेले.

त्यांचा होकार आला. मुलगा म्हणाला, आईला राग नाही, उलट येत्या रविवारी दोघी मायलेकींनी घर बघायला यावं म्हणते. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, तू जा चुलतीसंगं. मला तोंड न्हाई त्यांच्यापुढं उभं ऱ्हायला. मी म्हटलं, त्यांनी बोलावलंय. तर म्हणते, म्हनूनच.

उद्या रविवार. माझी साडी तिने गादीखाली घडी करून ठेवली, खणानारळाची पिशवी भरली, सगळं केलं, आणि स्वतःसाठी शेतावरचं काम काढून बसली आहे. मी सकाळी तिच्याजवळ बसून ती दोन वाक्यं आता तिलाच सांगणार आहे. पाठ आहेत. तुम्ही मोठ्या आहात, ताई, एवढाच आशीर्वाद द्या की ती माझ्या तोंडातून निघोत, आणि नाहीच निघाली, तर मीही उद्या शेतावर जाईन, तिच्या शेजारी वाफ्यात.