पाण्याचं रीडिंग

नाही सर, माझी झोप उडाली ती उत्तर चुकलेल्या त्रिवेणीमुळे नव्हे, बॅचमधल्या बाकीच्या एकोणतीस जणांमुळे — एकोणतीस प्रॅक्टिकल रेकॉर्डांत पाण्याचं रीडिंग तेच, एक पॉइंट दोन, आणि शेवटचं उत्तर पुस्तकातलं, शेवटच्या दशांशापर्यंत. अंथरुणात वाटत होतं, चूक माझीच असेल, बहुतेक असतेच — म्हणून सुटी असून काचीगुड्याहून आले, लेकीलाही आणावं लागलं, ती बघा स्टुलावर, चित्र काढतेय, त्रास नाही देणार हर्षदा — आणि इथे लॅबमध्ये स्वतः मीटर लावला. आपल्याच कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर. दोन पॉइंट एक. तीनदा पाहिलं. एक पॉइंट दोन येईल कुठून, ते मॅन्युअलमध्ये छापलंय, कुठल्या काळातलं पाणी ते कोण जाणे.

तुम्हाला मी काय शिकवणार — बेरियम सल्फेट विरघळतं ते नावापुरतं, लिटरभर पाण्यात दोन-अडीच मिलिग्रॅम, म्हणून तर त्यातून वीज किती जाते ते मोजायचं — पण नुसतं पाणीही थोडी वीज नेतंच की, ती वजा केल्याशिवाय क्षाराची किती ते कळणार कसं? त्रिवेणीनं तेवढंच केलं, आपलं पाणी आपण मोजलं, दोन पॉइंट एक लिहिलं. उत्तर चुकलं, हौ, चुकलं — साका नीट धुतला नसेल — पण रीडिंग तिचं आहे. म्हणून पूर्ण गुण तिला, बाकीच्यांना नक्को.

काय म्हणालात? एका पोरीपायी सगळा रिझल्ट? बिघडू दे. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे, तेही ठाऊक आहे, मघाशी दोनदा सांगितलंत. पण सर, याच टेबलावर बी.एस्सी.ला मीही एक पॉइंट दोनच लिहिलं होतं, पाण्यात इलेक्ट्रोड बुडवलासुद्धा नव्हता — आणि खाली सही तुमची, वर 'व्हेरी गुड' — हे बोलायचं नव्हतं मला. त्याच गुणांवर इथे लागले मी. आता बोललेच तर बोलले.

हे घ्या पेन. गुण वाढवायचे तर तुम्ही वाढवा, सही तुमची करा, माझी मिळणार नाही — आणि मार्चनंतर नका बोलावू, मी विचारायला येणार नाही. लॅबच्या चाव्या अटेंडरकडे देते. हर्षदा, क्रेयॉन आवर, निघू या. अगं, सरांकडे काय बघतेस?

"आई, मग मला शाळेतून न्यायला आता रोज तूच येणार?"