आकड्याआधीचा श्वास

मेहुणी : तब्येतीचं राहू द्या हो, भाऊजी. मी ठणठणीत आहे. मी फोन केलाय तो तुमच्याशी भांडायला.

निवेदक : भांड ना, धाकटे, खुशाल भांड. तुझा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला. चार दिवस नंबर फिरवतोय.

मेहुणी : लागेल कसा? टॉवर पाडलाय तुमच्या लोकांनी. आत्ता दवाखान्याच्या गच्चीवर उभी आहे, इथे जरा रेंज येते. फोन डॉक्टरीणबाईंचा आहे आणि मागे ही भली मोठी रांग. तेव्हा मला बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका.

निवेदक : बोल.

मेहुणी : काल रेडिओवर सातच्या बातम्या तुम्हीच वाचल्यात ना?

निवेदक : मीच. का गं?

मेहुणी : मला वाटलं, कुणीतरी तुमचा आवाज उसना नेलाय. "पाणी भरण्यासाठी जमलेल्या एकोणीस जणांचा मृत्यू झाल्याचं वृत्त आहे. आता हवामान." एका दमात! एकोणीस माणसं आणि हवामान, मध्ये श्वास म्हणून घेतला नाहीत.

निवेदक : मध्ये एक बातमी होती. खेळाची.

मेहुणी : हो की! खेळाची राहिलीच. माफ करा हं.

निवेदक : अगं, तू आमचं केंद्र ऐकत असशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मेहुणी : तळघरात दुसरं काय करायचं? चौकीदाराकडे सेलवरचा जुना रेडिओ आहे. आमचं केंद्र पहिल्याच दिवशी बंद पडलं, मग तुमचंच लावतो. भाषा एकच आहे, मध्ये सरहद्द तेवढी. मी आपली ऐटीत सांगून बसले होते सगळ्यांना, गप्प बसा, सात वाजता आमचे भाऊजी येतील. आलात! तुमचं वाचून झालं आणि चष्मेवाल्याची बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली.

निवेदक : कोण चष्मेवाला?

मेहुणी : खालच्या मजल्यावरचा. तुम्ही दोघं आला होतात तेव्हा ताईच्या चष्म्याची काडी त्यानंच बसवून दिली होती.

निवेदक : कान हलवून दाखवायचा तो?

मेहुणी : तोच. दोन कॅन घेऊन गेला होता पाण्याला. एक त्याच्या घरचा, एक माझा. माझे गुडघे धरलेत म्हणून.

निवेदक : अरे देवा.

मेहुणी : देवाला मध्ये आणू नका, मी तुमच्याशी बोलतेय. गेल्या वर्षी त्या दुसऱ्या बड्या देशानं त्याच्या शेजाऱ्यावर विमानं सोडली, तेव्हा तुम्ही कसं वाचायचात, आठवतं? आकडा आला की थांबायचात. "रेल्वे स्टेशनात झोपलेल्या..." आणि एक श्वास. मग आकडा. ताई माझ्याकडे आली होती तेव्हा, तिची शेवटचीच खेप. आम्ही दोघी भाजी निवडत होतो. हातातलं टाकून रडलो हो आम्ही, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. ताई काय म्हणाली माहीत आहे?

निवेदक : काय?

मेहुणी : म्हणाली, "बघ माझा नवरा. त्याला वाचता येतं."

निवेदक : हे मला कधी बोलली नाही.

मेहुणी : तोंडावर कशाला बोलेल? डोक्यावर बसला असतात तिच्या.

निवेदक : धाकटे, तेव्हा मी ठरवून थांबत नव्हतो. ते आपोआप व्हायचं.

मेहुणी : मग आता का होत नाही? आमची माणसं कुठल्या मापात कमी पडली?

निवेदक : तुला सांगून पटायचं नाही.

मेहुणी : पटवा. रांगेतल्या बाई माझ्याकडे डोळे वटारून बघतायत, तरी मी उभी आहे.

निवेदक : इथे सगळ्यांना ठाऊक आहे, माझी बायको कुठची होती. पहिल्या दिवसापासून सगळे माझ्या आवाजावर कान लावून बसलेत. जरासा हलला असता तर म्हणाले असते, सासुरवाडीसाठी गळा काढतोय. आणि मीसुद्धा घाबरलोय. ती स्टेशनातली माणसं माझी कुणी नव्हती, म्हणून मला मोकळेपणी वाईट वाटून घेता आलं. तुमच्या गावाचं नाव कागदावर दिसलं की मी आत कडी घालून घेतो. एकदा उघडली तर पुढचं पान वाचता येणार नाही मला.

मेहुणी : म्हणजे परका गेला की तुम्हाला हुंदका, आणि मेहुणीच्या दारातला गेला की घसा कोरडा.

निवेदक : असंच झालंय खरं.

मेहुणी : मीही काही सोवळी नाही म्हणा. आमच्या सरकारनं डोंगरापलीकडची वस्ती उठवली, तेव्हा मी काय केलं? पडदे धुतले. उन्हाळा होता, लवकर वाळतील म्हणून. पण माझं ऐकायला कुणी बसत नव्हतं, भाऊजी. तुमचं ऐकायला बसतात.

निवेदक : मी काय करू सांग. बातमी मी लिहीत नाही.

मेहुणी : बातमी बदला म्हणते का मी? तेवढा श्वास द्या. त्या लोकांना दिलात, आम्हालाही द्या. आज सातला सगळे बसणार आहेत. चष्मेवाल्याची बायकोही बसणार आहे.

निवेदक : प्रयत्न करतो.

मेहुणी : श्वास घ्यायला कसला प्रयत्न? आले, आले हो बाई, झालंच! ठेवते. जेवता ना वेळेवर?

निवेदक : हो.

मेहुणी : खोटं. आवाजावरून कळतं.

*

संपादक : बुवा, कुठे होतास? सात वाजत आले. हे घे, एकदा नजर टाक.

निवेदक : "देशाच्या सुरक्षिततेसाठी हे पाऊल नाइलाजानं उचलावं लागलं, असं परराष्ट्रमंत्र्यांनी स्पष्ट केलं." हे मी वाचलंय.

संपादक : आत्ताच तर टाइप होऊन आलंय.

निवेदक : गेल्या वर्षी वाचलंय. त्यांच्या मंत्र्याचं होतं, काना-मात्रेसकट हेच. तेव्हा तू त्याला शेपूट लावलं होतंस, "असा त्यांचा दावा आहे."

संपादक : दावाच होता तो.

निवेदक : आणि हा?

संपादक : हे स्पष्टीकरण आहे. अरे, फरक आहे. त्यांनी सरहद्द ओलांडली ती जमीन गिळायला. आपण ओलांडली ती धोका संपवायला.

निवेदक : तेही धोकाच म्हणत होते.

संपादक : ते खोटं बोलत होते.

निवेदक : तुला कसं कळलं?

संपादक : आपल्या मंत्र्यांनी सांगितलं ना. हसू नकोस, बुवा. मला काय कळत नाही?

निवेदक : मी हसत नाहीये. गेल्या वर्षी माणसं मारली जायची. या वर्षी त्यांचा मृत्यू होतो. म्हातारपणानं गेल्यासारखा. तेव्हा हल्ला होता, आता कारवाई. कोण बसून हे पुसतं रे?

संपादक : मी पुसतो. माझ्या हातानं. ऐकायचंय का? माझा भाचा तिकडे गेलाय. विमानांत इंधन भरतो. माझी बहीण रोज सकाळी फोन करून विचारते, दादा, पोरगं चांगल्याच कामाला गेलंय ना? मी हो म्हणतो. आता संध्याकाळी मीच लिहू, "असा आपला दावा आहे"? कुठल्या तोंडानं?

निवेदक : त्या दुसऱ्यांच्या विमानांतही कुणाचा तरी भाचाच इंधन भरत होता.

संपादक : असेल. माझ्या बहिणीचा नव्हता.

निवेदक : खरं बोललास.

संपादक : चल, उठ. आणि एक सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या घरचं मला माहीत आहे. म्हणून आज पुन्हा सांगतो, सपाट वाच. इतके दिवस छान सांभाळलंयस. वरच्या मजल्यावर तुझं कौतुक चाललंय.

निवेदक : कसलं कौतुक?

संपादक : बायकोचा मुलूख, पण बुवाच्या आवाजात कंप नाही, म्हणतात. याला म्हणतात व्यावसायिक माणूस.

निवेदक : असं म्हणतात?

संपादक : अगदी मनापासून.

*

संपादक : बुवा, कानात ऐकू येतंय ना? मी काचेच्या अलीकडे आहे. लाल दिवा लागला की सुरू कर.

निवेदक : नमस्कार. सात वाजलेत. ऐकूया आजच्या बातम्या. देशाच्या सुरक्षिततेसाठी हे पाऊल नाइलाजानं उचलावं लागलं, असं परराष्ट्रमंत्र्यांनी आज स्पष्ट केलं. सीमेपलीकडची कारवाई नियोजनानुसार सुरू असल्याचं त्यांनी सांगितलं.

संपादक : छान. असंच.

निवेदक : दरम्यान, परवा पाणी भरण्याच्या रांगेजवळ झालेल्या कारवाईतील काही जखमींचं आज निधन झालं. मृतांचा आकडा आता...

(तो थांबतो. एक श्वास घेतल्याचं ऐकू येतं. मग काहीच ऐकू येत नाही.)

संपादक : बुवा, आकडा. तुझ्या समोरच आहे. ओळ सापडत नाहीये का? बुवा, माझ्याकडे बघ. पाणी हवंय? अरे, सगळा देश गप्प बसलाय, वाच ना! मी गाणं लावतो हं. लावू?

निवेदक : चोवीस.

*

संपादक : लोकांचे फोन येतायत, केंद्र बंद पडलं का म्हणून. काय होतं ते?

निवेदक : श्वास घेतला.

संपादक : तेवढ्यात माणूस जेवून हात धुऊन येतो! गेल्या वर्षी थांबायचास, ते कळण्याइतकंच असायचं.

निवेदक : मागची बाकी होती. चार दिवसांची.

संपादक : वरून फोन आला होता. काय सांगायचं ते मी सांगितलंय. तुझा घसा बसलाय. उद्यापासून काही दिवस घरी आराम कर.

निवेदक : माझा घसा ठणठणीत आहे.

संपादक : बसलाय म्हटलं ना.

निवेदक : असा तुमचा दावा आहे.

संपादक : बुवा, आता तरी चेष्टा करू नकोस रे. मला एक सांग. भाच्याच्या तळावर आपलं केंद्र लागत असेल का?

निवेदक : लागत असेल. का?

संपादक : काही नाही. जा तू. छत्री विसरू नकोस.

*

मेहुणी : भाऊजी, ऐकू येतंय ना? आज आवाज जरा खरखरतोय.

निवेदक : येतंय, येतंय. ऐकलंस का त्या दिवशी?

मेहुणी : नाही हो.

निवेदक : नाही?

मेहुणी : ऐन सातच्या आधी सेल संपले. चौकीदारानं दातांनी चावले, उन्हात ठेवलेले परत घातले, रेडिओला दोन चापटा मारल्या. नुसती खरखर. चष्मेवाल्याची बायको बसली होती शेवटपर्यंत. मग उठून गेली.

निवेदक : मी थांबलो होतो गं.

मेहुणी : खरं? किती?

निवेदक : जरा जास्तच.

मेहुणी : मग आज परत थांबा ना! आज सेल मिळालेत, दवाखान्यातल्या टॉर्चचे. मी तिला पुन्हा बोलावून ठेवलंय.

निवेदक : आज मी नाही वाचणार, धाकटे. दुसरं कुणीतरी आहे.

मेहुणी : आणि उद्या?

निवेदक : उद्याही नाही. माझा घसा बसलाय म्हणे.

मेहुणी : म्हणजे काढलं तुम्हाला. माझ्यामुळे.

निवेदक : तुझ्यामुळे कशाला? मला माझंच कौतुक सोसवलं नाही, म्हणून.

मेहुणी : कुठून दुर्बुद्धी झाली आणि तो फोन केला! भाऊजी, खरं सांगू? मी भांडले, पण रोज सातची वाट बघायचे. कोरडा तर कोरडा, ताईच्या घरातला आवाज होता तो. आई नाही, ताई नाही. दिवसातून तेवढं एक आपलं माणूस यायचं माझ्याकडे. तेही मी हातानं घालवलं.

निवेदक : माझंही तसंच होतं. तुझी ताई गेल्यापासून दिवसाकाठी मी तेवढंच बोलायचो. सातच्या बातम्या. बाकी दूधवाल्याला "एक पिशवी" म्हणतो, तेवढंच.

मेहुणी : मग आता काय करता दिवसभर?

निवेदक : बसतो. आत्ता स्वयंपाकघरात बसलोय. समोर फळीवर तुझ्या ताईचे डबे.

मेहुणी : चिठ्ठ्या आहेत अजून त्यांच्यावर? तिची ती सवय! आमच्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा "मीठ" लिहून गेलीय.

निवेदक : आहेत. शाई उडालीय, पण वाचता येतात. काढवत नाहीत.

मेहुणी : वाचा ना.

निवेदक : काय?

मेहुणी : डबे वाचा. तुमच्या त्या आवाजात. आज माझ्या मागे रांग नाही, सगळे खाली पाण्याला गेलेत.

निवेदक : वेडी आहेस का?

मेहुणी : आहे. वाचा.

निवेदक : बरं. नमस्कार. सात वाजलेत.

मेहुणी : चार वाजलेत, पण असू दे.

निवेदक : साखर. चहा. "मीठ, बेतानं." "डाळ, आधी जुनी संपवा." "बिस्किटं, पाहुण्यांची, तुमची नव्हेत."

मेहुणी : अगदी ताई! पाहुणे यायच्या आधीच डबा रिकामा असायचा. वाचा पुढे.

निवेदक : "रवा." "इथे काही शोधू नका, मला विचारा."

मेहुणी : भाऊजी...

निवेदक : आहे, आहे. आता एकच राहिलाय. वरच्या फळीवरचा, पितळी झाकणाचा. त्यावर लिहिलंय...

मेहुणी : काय लिहिलंय? हॅलो? लाईन गेली का? भाऊजी, आहात ना?

निवेदक : आहे गं. "धाकटीसाठी."

मेहुणी : काय आहे आत?

निवेदक : काही नाही. रिकामा आहे. भरून ठेवतो.