कोचची दोन बोटं

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅचर, आज ज्यांना निरोप देतोय ते कोच हार्लन स्ट्राउड, व्यासपीठावरचे पाहुणे, जुने खेळाडू, त्यांचे आईवडील आणि बायका, सर्वांना माझा नमस्कार.

जेवणानंतरचं गोड, पीच पाय, वाटून झाल्यावर उभा राहतोय, त्या उशिराबद्दल आधी माफी मागतो. पालकांतर्फे चार शब्द लिहून आणा, असं मला ईस्टरलाच सांगितलं होतं. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलो ते आज दुपारी. आणि लिहिलेलं आता खिशातच राहू दे.

मी ऑरिन टीग. माझा मुलगा वेंडेल तिथे दाराजवळ बसलाय. चार वर्षं कोचच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळला, डोकं खाली घालून समोरच्याच्या अंगावर जायचा. आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्याच्या कोटाची बटणं मी लावून दिली.

कोचसाहेब, वेंडेलची आई गेली तेव्हा तुम्ही भर पावसात आमच्याकडे आलात, ते मी कसं विसरेन? म्हणून तर आजचं बोलणं मला जड जातंय.

मघाशी जुने खेळाडू क्लिंट रस्क यांनी तो किस्सा सांगितला. धडकेनंतर पोरगं झोकांड्या द्यायला लागलं, की कोच त्याच्यापुढे बोटं धरून विचारायचे, किती? धरायचे नेहमी दोनच. पोरांना ते पाठ. डोळ्यांपुढे अंधारी असली तरी ठोकून द्यायची, "दोन, कोच," आणि निघाली परत मैदानात. सगळं सभागृह हसलं. कोच हसले. वेंडेलही हसला. न्हाव्याच्या दुकानात मीसुद्धा हा किस्सा कितीदा रंगवून सांगितलाय.

वेंडेल गेली काही वर्षं घरचा रस्ता चुकतो. मला वाटायचं, दारूने होतंय. मागच्या महिन्यात त्याला अटलांटाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे पेन धरलं आणि विचारलं, हे काय आहे? तो ताठ बसला. म्हणाला, "दोन, कोच."

त्या हसल्या नाहीत. डोक्याला बसलेल्या जुन्या मारांचं हे असू शकतं, म्हणाल्या. त्याच्याबरोबरची बाकीची पोरं कशी आहेत, असंही विचारलं. मी म्हणालो, ठणठणीत आहेत.

मघाशी सगळे हसत होते तेव्हा शेजारच्या टेबलावरची योलांडा हसली नाही. तिचा नवरा डेरियस कोकर, वेंडेलच्या खांद्याला खांदा लावून खेळायचा. ती त्याच्या ताटातलं मांस कापून देत होती. माझ्याकडे वाकून म्हणाली, "मिस्टर ऑरिन, आमचाही म्हणतो. दाढी करताना, आरशात बघून."

"काय म्हणतो, पोरी?"

"दोन, कोच."

आपल्या एकट्याच्याच घरचं दुखणं, असं समजून मी इतकी वर्षं दार लावून बसलो होतो. मग मी मान वर करून टेबलं बघितली. आणखी किती जणी नवऱ्याच्या ताटातलं मांस कापून देतायत, हे तुम्हाला दिसत नाही का?

कोचसाहेब, मी भांडायला उभा नाही. ती दोन बोटं धरणारा तुमचा हात आत्ता टेबलाखाली गेला, तो मी बघितला. राहू दे.

सभेने माझं ऐकून घेतलं, आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. पण ज्यांच्या घरात ते दोन शब्द ऐकू येतात, त्यांनी मला निरोप धाडा. आज सगळ्यांसमोर जमणार नाही, कळतं मला. मी धान्याच्या गिरणीमागे राहतो, फोन मीच उचलतो. लवकर कळवा. बाकीची पोरं कशी आहेत, याचं त्या डॉक्टरीणबाईंना मी न बघताच उत्तर देऊन आलोय.