पुण्याच्या गाडीची वाट बघताना

२००३ साल. चौसाळ्याच्या स्टँडवर बाकावर बसलेल्या गावातल्या मंजुळाबाईंच्या शेजारी मल्लम्मा आणि तिची लेक शिवकन्या उभ्या होत्या. शिवकन्या नोकरीसाठी पुण्याला निघाली होती.

“टीव्हीवर अक्षर दिसंना झालं तर?” मल्लम्मानं विचारलं.

“माय, टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यात लिनक्स टाकून त्याचा कंप्युटर केलाय न्हवं? ‘मोठं’ टाइप कर. मी लिहिलेली स्क्रिप्ट पडद्याचं रिझोल्यूशन बदलती, अक्षरं मोठी होत्यात.”

“अन् तुझे फोटू बघायला?”

“‘बारीक’. मंग अख्खा फोटू मावतो.”

“पडदा काळा झाला तर?”

“भिऊ नको. न दिसताच ‘मोठं’ टाइप कर, पडदा परत दिसाया लागतो.”

“पुन्यांदा सांग.”

“चार दिस शिकवतीय, माय! मी गेल्यावर कसं करशील?”

“येतंय गं मला. तू गिरणीत गेलतीस तवा दोन्ही करून बघितलं.”

“मंग कावून इचारलंस?”

“गाडी येस्तोवर तू बोलत ऱ्हावं म्हून.”

मंजुळाबाई बाकावर सरकल्या. “बसा दोघीबी. गाडीला लई येळ हाय अजून.”