जीव घाबरा होण्याचं इंग्रजी

मी नागपूरची, इंदोऱ्याची. संघमित्रा मेश्राम माझं नाव, पण इथे न्यू जर्सीत तेवढं लांब नाव कोण घेतंय, ॲम्ब्युलन्सच्या स्क्वॉडमध्ये सगळे मला मित्रा म्हणतात. माझे बाबा सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते, जेवायला बसले की आज कोणता पेशंट कसा आला ते सांगायचे, आई म्हणायची जेवताना तरी नको ना जी, पण मला ते ऐकायला आवडायचं. नर्सिंगला जायचं होतं, झालं मात्र बीएस्सी, आणि मग लग्न होऊन इकडे आले. नवरा कॉम्प्युटरमधला, सकाळी ट्रेन पकडून मॅनहॅटनला जायचा. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, शेजारी कुणी ओळखीचं नाही, दिवसभर काय करणार, काय सांगू तुम्हाला, बर्फ पडायला लागला की खिडकीपाशी बसून नुसतं पाहून राहायचं.

एकदा लायब्ररीत कागद लावलेला दिसला. टाउनच्या व्हॉलंटिअर ॲम्ब्युलन्स स्क्वॉडला माणसं पाहिजेत, ट्रेनिंग आम्ही देऊ. पगार नाही म्हणजे व्हिसाची अडचण नाही. मी गेले. काही महिने क्लास केला, परीक्षा दिली, पास झाले, ईएमटी झाले. ईएमटी म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही, फोन आल्यावर ॲम्ब्युलन्स घेऊन पहिले पोचणारे आम्ही. बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, स्ट्रेचर उचलताना कमर सांभाळ.

पण एकदा पास झालं की संपलं, असं नसते. दर काही वर्षांनी सर्टिफिकेट रिन्यू करावं लागतं, त्यासाठी क्लासचे तास भरावे लागतात, कंटिन्युइंग एज्युकेशन म्हणतात त्याला. आमची एक स्टेटची असोसिएशन आहे, तिच्या मीटिंगा, वर्षातून एकदा कॉन्फरन्स, तिथे बसलं की तास मिळतात. आणि बाकीचे ऑनलाइन. आता ऑनलाइनचं खरं सांगते, लपवत नाही. माझ्या पोरीचा शाळेचा डबा करता करता ओट्यावर फोन ठेवून मी नेक्स्ट नेक्स्ट करून तास भरलेत. त्यात एक तासाचा धडा होता, इंग्रजी न येणाऱ्या पेशंटशी कसं बोलावं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की घरच्या माणसाला, त्यातून लहान वयाच्या, दुभाषा करू नका. शेवटी प्रश्न होते, ते मी अंदाजाने टिक केले, एकच चुकला. सर्टिफिकेट प्रिंट करून फाइलला लावलं. हे त्या कॉलच्या दोनच आठवडे आधीचं आहे.

त्या कॉलवर येते, पण त्याआधी एक सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई अशी काहून वागली. त्याच्या वर्षभर आधी एका मराठी घरी गेलो होतो, आजोबा बाथरूममध्ये पडले होते. मी मराठीत बोलले तर घरातल्या काकूंना इतका आनंद झाला, बसा बसा, पाणी आणते, सुनेने स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. मी आजोबांचं बीपी घेऊन राहिले होते, काकूंनी विचारलं, आडनाव काय गं तुझं? मी सांगितलं. अच्छा, म्हणाल्या. मग सुनेकडे नुसतं पाहिलं, आणि सून तो ग्लास परत घेऊन गेली आणि कागदी कप घेऊन आली, मला एक, आणि माझा पार्टनर डॅरिल होता त्याला एक. डॅरिलला काही कळलं नाही, तो थँक यू म्हणून पाणी प्यायला. मीसुद्धा प्यायले. आजोबांना नीट हॉस्पिटलला नेलं. पण त्या दिवशी मी ठरवून टाकलं की कॉलवर इंग्रजीच बोलायचं. इंग्रजीत मित्रा म्हटलं की झालं, पुढे कुणी विचारत नाही.

आता तो कॉल. मंगळवार, दुपारची वेळ. टाउनहाउस होतं, दार उघडलं ते कॉलेजमधल्या एका पोरीने, इथेच जन्मलेली, आईबाप कामावर. पुण्याहून आजी आली होती तिची, सोफ्यावर बसलेली, घाम आलेला, एका हाताने पदर धरून. आत जाता जाता आजीचं बोलणं कानावर आलं तसं डॅरिलने मला विचारलं, ही तुझी भाषा आहे का? आणि मी नाही म्हटलं. इंडियात खूप भाषा आहेत, असंही वर म्हटलं.

का म्हटलं? आता वाटतं की दोन सेकंदांत तोंडातून निघून गेलं. पण निघून गेल्यावर परत घेता येत होतं ना. आम्ही वीस मिनिटं होतो तिथे.

आजी म्हणत होती, जीव घाबरा होतोय गं, काही सुचत नाही. पोरीने डॅरिलला सांगितलं की ती घाबरलीय, तिला ॲन्क्झायटी वाटतेय. बिचारीचं काय चुकलं, शब्दाला शब्द बरोबर आहे. डॅरिलने विचारलं छातीत दुखतं का, पोरीने अडखळत आजीला विचारलं, आजी म्हणाली, दुखत नाही, कसंतरीच होतंय, जीव घाबरतोय. पोरगी म्हणाली नो पेन, शी इज जस्ट स्केअर्ड. मला सगळं समजत होतं. आपल्याकडे बाई जीव घाबरा होतो म्हणते तेव्हा ती भीतीचं सांगत नसते, शरीराचं सांगत असते, हे मला कुणी शिकवायला पाहिजे होतं का? माझे बाबा जेवताना हेच सांगायचे. मी टॅब्लेटवर माहिती भरत होते, आणि मी, माझ्या बोटांनी, टाइप केलं, ॲन्क्झायटी.

बीपी बरं होतं, नाडी थोडी जोरात. डॅरिल म्हणाला हॉस्पिटलला चला, तपासून घेऊ. आजी नको म्हणाली, मुलगा येऊ दे, मग बघू. मुलाला फोन लावला, तो म्हणाला मी निघालोच. हॉस्पिटलला यायचं नाही म्हटलं की पेशंटची सही घ्यावी लागते. आजीने टॅब्लेटवर बोटाने मराठीत सही केली. मी तेव्हा नुसतं म्हटलं असतं ना, आजी चला, ही घाबरायची गोष्ट नाही, हार्टचं असू शकतं, तर ती आली असती. आपल्या भाषेत म्हटल्यावर आली असती, मला पक्कं माहीत आहे.

दोन तासांनी परत तोच पत्ता आला. या वेळी आजी जमिनीवर होती आणि मुलगा इमर्जन्सीवाले फोनवर सांगतील तसं ऐकून ऐकून तिची छाती दाबत होता. आम्ही सीपीआर केला, पॅरामेडिक आले, नाडी परत आली, हॉस्पिटलला पोचवलं. दुसऱ्या दिवशी गेली ती.

स्क्वॉडमध्ये चौकशी झाली. चीफने कागद पाहिले, म्हणाले सगळं नियमाने झालंय, सही आहे, तुमची चूक नाही. डॅरिलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मोठा माणूस आहे, माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त काढली त्याने या कामात. मी घरी आले, स्वयंपाक केला, पोरीचा अभ्यास घेतला. नवऱ्याला तेवढं सांगितलं, की मला भाषा येत होती आणि मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आता सांगून काय होणार. मीही तसंच म्हणत चार महिने काढले.

मग असोसिएशनची कॉन्फरन्स आली. मला तास कमी पडत होते म्हणून जो क्लास रिकामा होता त्यात बसले, तर तो नेमका त्याच विषयाचा निघाला, दुसऱ्या भाषेचे पेशंट. डॅरिल शेजारी होता. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला असा अनुभव आहे का? डॅरिलनेच हात वर केला आणि आजीची केस सांगितली, म्हणाला भाषा येणारं कुणी नव्हतं आमच्यात. ते ऐकलं आणि माझ्याने बसवेना. मी उभी राहिले, म्हटलं, मला येत होती. ती माझी भाषा आहे. मी याच्याशी खोटं बोलले.

डॅरिल माझ्याकडे बघतही नव्हता, समोर पाहत होता. बाईंनी हळूच विचारलं, का बोललात? तर मला आडनाव, ग्लास, कप हे सगळं इंग्रजीत सांगावं लागलं, आणि सांगताना मलाच ते इतकं लहान वाटायला लागलं. एका माणसाच्या जिवापुढे लहानच आहे ते. डॅरिल काळा माणूस आहे. बाहेर आल्यावर पार्किंग लॉटमध्ये म्हणाला, कप मला समजतो, मित्रा. पण मी तुला विचारलं होतं. एवढं म्हणून गाडीत बसला. नंतर त्याने ड्यूटीचा दिवस बदलून घेतला. आम्ही आता भेटलो की हाय म्हणतो.

मी चीफला लेखी दिलं. सहा महिने मला कॉलवर जाऊ दिलं नाही, ते धडे सगळे पुन्हा समोर बसून करायला लावले, नेक्स्ट नेक्स्ट नाही. प्रत्येक ओळ वाचली. मग असोसिएशनच्या एज्युकेशन कमिटीने बोलावलं, तुम्ही यावर क्लास घ्याल का म्हणून. त्यातल्या एकाला पसंत नव्हतं, तो म्हणाला, जिच्या हातून झालं तिनेच शिकवायचं? मला त्याचं बरोबर वाटलं, तरी मी हो म्हटलं. आता दर दोन-तीन महिन्यांनी घेते. जीव घाबरणं, छातीत भरून येणं, कसंतरी होणं, हिंदीत काय म्हणतात, गुजराती बाया काय म्हणतात, ते फळ्यावर लिहून समजावते. लोकांना एक तास मिळतो. काही जण मागे बसून फोन पाहतात. मी काही बोलत नाही.

कॉलवर मी आता दारातच मराठीत बोलते. कुणी आडनाव विचारलं तर सांगते, आणि बीपी घेत राहते. पाणी मागत नाही.

त्या घरी मात्र मी गेले नाही. चीफने लेखी घेतलंय माझ्याकडून, घरच्यांशी बोलायचं नाही, स्क्वॉडच्या वकिलाने सांगितलंय तसं. त्यामुळे त्या लोकांना काय कळलं, काय नाही, मला ठाऊक नाही. मुलगा मला रागावला असता तर ते मी ऐकून घेतलं असतं. पण ती पोरगी आहे ना, ती माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. ती समजत असेल की तिला मराठी नीट येत नाही म्हणून आजी गेली. आयुष्यभर ती तसं समजेल. तुम्ही हे लिहून घेताय तर तेवढं नीट लिहा, की बाई, तुझं मराठी कमी नव्हतं पडलं, तू एकटी होतीस आणि जमेल तेवढं बोललीस. माझं भरपूर होतं, मी बोलले नाही. तिचं भलं होवो, शिको, सुखात राहो. तिला वाचता येणार नाही बहुतेक. तरी लिहा.