आप्पांच्या काखेतला दिवा

आपोआप सांधलं जाणारं प्लास्टिक म्हणजे काय, हे होणाऱ्या सासऱ्यांना कधी समजावून बघा! सुरतेच्या प्रयोगशाळेत माझं कामच ते. मुलगी बघायला ब्राह्मणपुरीला गेलो, तर तिचे वडील, आप्पा, हातवारे करत अखंड बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पन तू करस काय?"

मी खिशातून त्याच प्लास्टिकची, वीज वाहून नेणारी पट्टी काढली. एका टोकाला सेल, दुसऱ्या टोकाला बारीक पेटता दिवा. "हिच्यात पापुद्रे आहेत. कापली तरी प्रत्येक पापुद्रा आपला जोडीदार शोधून चिकटतो." मी ऐटीत कात्री चालवली. दिवा विझला. तुकडे जुळवून धरले, पण दिवा काही लागेना.

"ऊब लागते," मी ओशाळून म्हणालो.

"मंग आन आठे!" आप्पांनी ती जुळवलेली पट्टी थर्मामीटरसारखी काखेत धरली.

"आता हात हलवू नका, पापुद्रे सरकतील."

हातच बांधले गेल्यावर आप्पांना बोलताही येईना. तासभर घरात शांतता. मग मुलीची आई किंचाळली, "अहो, तुम्हना शर्टमा काय चमकी ऱ्हायनं!"

दिवा लागला होता. मुलीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, "यानी आप्पाले इतला येळ गप बसाडं. माले हाऊच पोऱ्या पसंत शे."