सूर्य बुडेस्तोवर

रुख्मिणी : मंग सांगून टाका ना एकदाचं, परत जायचं हाय म्हणून. तीन वर्षांनं माणूस घरी आला, अन् चार दिवसांपासून सांज झाली की इथं धुऱ्यावर येऊन तिकडं पाहात बसते.

पुंजाराम : कोणं सांगतलं तुले?

रुख्मिणी : सांगाले कशाले पाहिजे? डोळे हायेत मले.

(पऱ्हाटीच्या वावराचा बांध, उन्हं कलती. अमेरिकेत लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा रुई पारखणारा म्हणून पुंजाराम गाठींसोबत मुंबईहून जहाजानं विलायतेला गेला. तो मेला असंच पुढं गावानं धरलं. त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं मात्र नाही. आता तो धडधाकट परत आला आहे तर त्याचं मन घरात नाही, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला आहे.)

रुख्मिणी : घरी पुरण शिजलं. पाच सवाष्णी येऊन बसल्या. आज नक्ताचं व्रत उजवायचं, अन् तुमचाच पाट रिकामा.

पुंजाराम : त्या पाटावर मले बसता येत नाही.

रुख्मिणी : काहून?

पुंजाराम : निघतानी आपलं काय ठरलं होतं?

रुख्मिणी : सूर्य बुडल्यावर जेवायचं, एकच डाव. तुमी तिकडं, मी इकडं. दूर असलो तरी घास तं संगं पडन, असं तुमीच म्हणलं होतं.

पुंजाराम : नाही पडला संगं. म्या नक्त मोडलं.

रुख्मिणी : विलायतेत?

पुंजाराम : विलायतेत सांज होये. धुकं असे, पण होये. मंग परतीचं जहाज म्हणून एका दलालानं मले भलत्याच जहाजावर चढवलं. ते देवमासे माराले उत्तरेकडं चाललं होतं. बर्फात अडकलं अन् फुटलं. आमी अकरा माणसं एका बेटावर उतरलो.

रुख्मिणी : गाव कोणतं तिथलं?

पुंजाराम : गाव नाही. माणूस नाही, कुत्रं नाही. झाड औषधाले नाही. जे होतं ते बोटभर, तेही भुईवर लोळलेलं. कड्यावर पाखरं मात्र इतके, की अमरावतीचा बाजार भरला वाटे. अन् पांढरे अस्वल.

रुख्मिणी : पांढरं अस्वल? हे आत्याबाईले सांगू नका. म्हणतीन, पोराचं डोस्कं फिरलं.

पुंजाराम : हातभर खांदलं की माती गोट्यासारखी टणक, भर जेठातही. पण वरून जमिनीले भेगा होत्या. आपल्या वावराले उन्हाळ्यात पडतेत ना, तशाच. इथं उन्हानं पडतेत, तिथं थंडीनं. एका भेगेत हात घातला अन् लय रडलो मी.

रुख्मिणी : रडले, अन् पुसाले कोणी नाही.

पुंजाराम : अन् तिथं सूर्य बुडेचना.

रुख्मिणी : बुडेचना म्हणजे?

पुंजाराम : खळ्यातल्या बैलावाणी गोल गोल फिरे. खाली येये, आता बुडन म्हणावं तं पुन्हा वर. एक दिवस उपाशी वाट पाहिली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी डोळ्यापुढं अंधारी आली, तं मले वाटलं बुडला. एक कोकणातला खलाशी होता संगं. तो म्हणे, अरे बाबा, इथं तीन महिने सांज नाही.

रुख्मिणी : मंग कसं केलं?

पुंजाराम : तुनं भाकरी बांधून देलेलं फडकं होतं माह्यापाशी. ते डोळ्यावर बांधलं, अंधार केला, अन् पाखराचं अंडं खाल्लं. मंग रोज तसंच. देवाले फसवलं म्या. तुले बी.

रुख्मिणी : अंड्याचं तेवढं सवाष्णीयले सांगू नका.

पुंजाराम : हासू नको. हिवाळ्यात सूर्य गेला तो आलाच नाही. नुसती रात.

रुख्मिणी : मंग तं जेवाले मोकळे.

पुंजाराम : खायलेच नव्हतं. समुद्रानं कुठून कुठून लाकडं आणून टाकली होती काठावर, ते जाळून जगलो. दुसरं जहाज आलं तवा अकराचे सहा उरलो होतो. तो कोकणातला बी गेला. मले वाटे, माह्या मोडल्या नक्तापायी गेला. म्हणून रोज येतो इथं. सूर्य बुडतानी पाहिला की जिवाले बरं वाटते.

रुख्मिणी : अन् मी समजली, इथं मन लागत नाही तुमचं.

पुंजाराम : कुठं जातो आता.

रुख्मिणी : मंग माहं बी आयका. गेल्या साली अकोल्याच्या अडत्याचा निरोप आला, तुमचं जहाज बुडालं म्हणून. भावकीतल्या बाया जमल्या, माह्या बांगड्या फोडाले. भर दुपार होती. म्या भाकर घेतली, लोणचं घेतलं, अन् आंगणात बसून साऱ्यायच्या देखत पोटभर जेवली. म्हणलं, सुतकाच्या घरी बाई अशी जेवते का?

पुंजाराम : भर दुपारी?

रुख्मिणी : डोक्यावर ऊन होतं. घास उतरे ना, पण उतरवला. बाया म्हणे, पागल झाली, अन् गेल्या घरोघर. ह्या पाहा, त्याच बांगड्या.

पुंजाराम : म्हणजे तुनं बी मोडलं.

रुख्मिणी : मंग काय एका भाकरीपायी मरू देऊ तुमाले? ते फडकं हाय का अजून?

पुंजाराम : हाय. कमरेले.

रुख्मिणी : आणा इकडं. धुऊन ठेवते. आज उघड्या डोळ्यानं जेवा माह्यासंगं.

पुंजाराम : बस मंग इथं जराशीक. बुडू दे.

रुख्मिणी : बुडला. चाला आता.

पुंजाराम : थांब. कोर दिसते अजून.

रुख्मिणी : थांबते. मले सवय हाय.